डाव्या हाताचा फुगा

शिट्टी माझ्यासाठी आहे हे कळायला मला वेळ लागला. हाक, टाळी, शिट्टी, काहीही आलं तरी ते आपल्या मागच्या माणसासाठी असणार, असं धरून चालायची मला सवय आहे. पण त्या सकाळी माझ्यामागे कोणीच नव्हतं. मागे होतं ते धरणाचं पाणी, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षातलं, खोल गेलेलं आणि मातकट, आणि त्यावर डुलणारा एक भलामोठा नारिंगी फुगा. तो फुगा वळसा घालून मी नुकताच मागे टाकला होता आणि मनातून चांगलाच खूश होतो. शिट्टी पुन्हा वाजली. मी मान वर काढली. होडीत बसलेला लाल टोपीचा माणूस वल्हं माझ्याकडे रोखून ओरडत होता, "ओ काका! फुगा डाव्या हाताला ठिवायचा व्हता! तुम्ही उलट्या अंगानं फिरले की राव!"

उलट्या अंगानं. तोंडात गेलेलं पाणी थुंकता थुंकता मला हसू आलं, कारण माझ्या हिशेबात मी अगदी सुलट फिरलो होतो. आदल्या संध्याकाळी सगळ्या स्पर्धकांना मांडवात बसवून नकाशा दाखवला होता, फुगे डावीकडे ठेवा म्हणून पुन्हा पुन्हा बजावलं होतं, आणि मीही इतरांसारखी मान डोलावली होती. पण मी भिक्षुकाच्या घरात वाढलेला. देव असो, तुळस असो, पिंपळ असो, ज्याच्याभोवती फिरायचं ते उजव्या हाताला ठेवायचं, हे कुणी शिकवायच्या आधीच माझ्या पायांना ठाऊक झालं होतं. डाव्या हाताला ठेवून फिरलो तो एकदाच, खांद्यावर मडकं घेऊन, वडिलांच्या चितेभोवती. नकाशा डोक्यात गेला असेल, पण पाण्यात डोकं फारसं उपयोगी पडत नाही. समोर गोल, मोठं, शेंदरी असं काहीतरी दिसलं, आणि माझ्या हातापायांनी त्याला प्रदक्षिणा घातली.

त्यातून मी पोहायला शिकलो तो विहिरीत. कन्नडच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाबाहेर कडुबाच्या मळ्यात ती विहीर, गोल, दगडी बांधणीची. कडुबा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्यानं माझ्या पाठीला तुपाचा रिकामा डबा बांधला, मला काठावरून ढकललं आणि वरून सांगितलं, "डाव्या हातानं भिताड धर. धर आन सोड, धर आन सोड." मी भिंत डावीकडे ठेवून फिरत राहिलो. विहिरीचा मध्य उजव्या हाताला. म्हणजे तीही प्रदक्षिणाच. मध्याकडे मी जात नसे, कारण तिथं आसरा, म्हणजे जलदेवता, असतात आणि त्या पोरांना पायाला धरून खाली ओढतात, असं घरी सांगितलेलं. कडुबा मुद्दाम मधोमध जाऊन उताणा पडायचा आणि मला हाका मारायचा, "ये की भटा, हितं लई गार हाय!" मी गेलो नाही. पुढं डबा सुटला, भिंतीचा आधार सुटला, पण वळण सुटलं नाही. मला सरळ पोहता येत नाही. उघड्या पाण्यात सोडलं तर मी उजवीकडे वळत वळत जिथून निघालो तिथंच येतो. हे मला शर्यतीच्या तयारीत समजलं, आणि समजलं तेव्हा वाटलं की हे फक्त पोहण्यापुरतं नाही. चाळीसेक वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटांच्या कडेकडेनं फिरलो. मधल्या मोकळ्या जागेत टेबलं होती, तिथं माणसं बसायची, बोलायची, भांडायची. कुणी पुस्तक मागितलं तर मी म्हणायचो, "ते बहुधा बाहेर गेलंय." समोरचं कपाट भरलेलं दिसत असलं तरी 'बहुधा' लावल्याशिवाय माझं वाक्य पुरं होत नसे. पोरं मला पाठीमागं बहुधा सर म्हणत, आणि ही गोष्ट घरी सर्वांत जास्त आवडली ती माझ्या बायकोला.

"काका, ऐकू येतंय ना?" होडीवाला आता जवळ आला होता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मागं फिराया लागंल फुग्याकडं. नाय तर असं करा, तसंच जावा पुढं. तुमच्या मागं कुणी नाय, पुढच्यांना दिसत नाय. मी काय बोलायचा नाय." त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. या वयात या माणसानं इथवर यावं याचंच त्याला कौतुक वाटत असावं. किनाऱ्यावर तंबू दिसत होता, घड्याळ लावून बसलेली माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती. ठरल्या वेळेत पाण्याबाहेर आलं नाही तर सायकलला हात लावू देत नाहीत, आणि सायकल नाही तर पुढचं पळणंही नाही. मागं फिरून फुग्याला पुन्हा वळसा घालायचा तर तेवढा वेळ उरतो की नाही, याचा अंदाज मला करता येईना. मी पाण्यात उभाच्या उभा पाय मारत राहिलो.

हरलो असतो तर गेलं असतं ते घर. मागच्या उन्हाळ्यात शहरात, आमच्या पुंडलिकनगरात, नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नव्हतं. खालच्या हौदातलं पाणी बादल्यांनी वर न्यायचं काम माझं. एका दुपारी जिन्यात मला चक्कर आली आणि मी बादलीसकट खाली आलो. कपाळाला टाके पडले. अनसूयाला, म्हणजे माझ्या बायकोला, आधी वाईट वाटलं ते सांडलेल्या पाण्याचं, हे ती आजही हसत कबूल करते. पुण्याहून चारुता आली. आमची एकुलती एक. तिनं माझी पट्टी बघितली, मोरीतले ओळीनं लावलेले हंडे बघितले, आणि संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "विका हे घर. माझ्या खालच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे. आठ दिवसांनी पाणी येतं तिथं म्हातारी माणसं राहतात का, बाबा?" मी म्हणालो, "राहतात बहुधा." "तुमचं बहुधा पुरे झालं. पुढच्या वेळी जिन्यात काय सापडेल त्याला बहुधा लावता यायचं नाही." ती चिडली की तिच्या आईसारखी बोलते. पुणं वाईट नाही, मुलगी तर मुळीच वाईट नाही, पण मला त्या फ्लॅटच्या खिडकीत बसलेला एक माणूस स्पष्ट दिसला. त्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि तो कुणाला काही सांगत नव्हता. त्याचा चष्मा माझा होता.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी चालू लागलो. चालण्याचं पळणं केव्हा झालं ते आठवत नाही, पण ज्या सकाळी झालं त्या सकाळी मला कुत्री भुंकली हे आठवतं. मग सायकल आली. मग कुणाकडून तरी या शर्यतीचं कळलं. पोहायचं जवळजवळ दोन किलोमीटर, त्यावर नव्वद किलोमीटर सायकल, त्यावर एकवीस किलोमीटर पळणं, सगळं एका दमात. मी नाव दिलं. फोनवर ऐकल्यावर चारुता आधी हसली, मग म्हणाली, "ठीक आहे. पुरी करून दाखवा. दाखवलीत तर घराचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही झाली, तर पाडव्याच्या आत सामान बांधायचं. कबूल?" अनसूया शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "कबूल म्हणा हो." मी म्हणालो, "बहुधा कबूल." फोनच्या दोन्ही टोकांना दोघी हसत सुटल्या, पण सौदा पक्का झाला.

पोहायला जागा नव्हती. शहरातले तलाव पाण्यावाचून बंद. मी रविवारी एसटीनं गावी जायला लागलो. कडुबा गेला, पण त्याचा मुलगा सांडू यानं मोसंबीसाठी शेततळं केलंय, प्लॅस्टिक अंथरलेलं. त्यात उतरणं सोपं, निघणं कठीण, कारण प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही. सांडूनं काठाला दोर बांधून दिला. "पवा काका, पर पिऊ नका. मोजून ठिवलंय मोसंबीला." तळं चौकोनी होतं, तरी मी त्यात गोलच फिरायचो, उजवा हात आत. सांडूची आई सारजाबाई बांधावर बसून बघायची आणि म्हणायची, "चरकाला जुंपल्यावाणी कुठवर फिरता?" रस्त्यापलीकडे टँकरची वाट बघत हंड्यांची रांग असायची. त्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि मला पाण्यात बुडून जावंसं वाटायचं. एकदा मी सारजाबाईला म्हणालो की पुढच्या रविवारपासून येत नाही, बरं दिसत नाही. ती म्हणाली, "पवल्यानं पानी कमी व्हत नाय. पर बघनाऱ्याला तहान लागती, हे बी खरंय. तुम्ही असं करा, भल्या सकाळी या. रांग लागायच्या आत." मग मी शनिवारीच मुक्कामाला जाऊ लागलो. त्याच दिवसांत एकदा जुन्या विहिरीवर गेलो. ती पार आटली होती. वाकून बघितलं. ज्या मध्याला मी लहानपणी इतका भ्यायलो, तो मध्य ऊन खात उघडा पडला होता. तिथं थोडा गाळ होता, मोडका रहाट होता आणि कुणाची तरी एका पायाची चप्पल होती. मी बराच वेळ त्या चपलेकडे बघत राहिलो. मग उगाचच हलकं वाटून मळ्यात परत आलो.

"काय ठरलं काका?" होडीवाल्यानं विचारलं. मला तसंच पुढं जाता आलं असतं, आणि मी फार सचोटीचा आहे म्हणून गेलो नाही असं नाही. मला एवढंच दिसलं की तसा गेलो तर संध्याकाळी चारुता विचारेल, केलीत का पुरी? आणि मला म्हणावं लागेल, केली, बहुधा. त्या शब्दाला आज पहिल्यांदा खरा अर्थ आला असता. "मागं फिरतो," मी म्हणालो. "जमंल का?" "बहुधा," मी म्हणालो, आणि तोंड पाण्यात घातलं.

डावीकडे वळणं म्हणजे काय ते शरीराला ठाऊक नसतं तेव्हा ते सगळीकडून विरोध करतं. डावा खांदा जड झाला, मान उजवीकडेच श्वास शोधू लागली. फुगा जवळ आला, मोठा झाला, आणि मी त्याला डावा हात दिला. त्या क्षणी स्मशान आठवलं, गळक्या मडक्याची धार पाठीवरून वाहिलेली आठवली, अंगावर काटा आला. पाण्यात काटा येतो तो बाहेरून दिसत नाही, पण हाताची लय चुकते. मग वाटलं, त्या फेऱ्यांनंतरही मी घरी आलोच होतो. आंघोळ केली होती, पिठलं-भात खाल्ला होता. मी फुग्याला पुरा वळसा घातला. त्याचं ओलं रबर कोपराला घासलं. पुढचं पाणी एकदम गार लागलं, थरथर सुटावी इतकं गार, आणि कडुबाचा 'ये की भटा' इतका जवळून आला की मी पाण्यात तोंड असतानाच त्याला होकार दिला. तिथून किनाऱ्यापर्यंत मी सरळ पोहलो. दर थोड्या हातांनी मान काढून तंबू बघायचो, आणि तंबू समोरच असायचा. आयुष्यात एखादी गोष्ट अशी समोरच्या समोर जवळ येत जाणं किती सुखाचं असतं ते मला माहीत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा घड्याळाजवळचा माणूस उठायच्या बेतात होता. माझ्याकडे बघून तो पुन्हा खुर्चीत बसला आणि हातानं चला चला करू लागला. पाणी इतकं मागं हटलेलं की सायकलींपर्यंत गाळातून लांब चालावं लागलं. त्या गाळात लोकांनी काकड्या आणि टरबुजं लावली होती, वेलांवरून पाय जपून टाकत आम्ही स्पर्धकांनी जायचं. आम्ही म्हणजे मी एकटाच. सायकलीच्या रांगेत एकच सायकल उरली होती. शेवटचं असण्याचा हा फायदा, आपली वस्तू शोधावी लागत नाही.

नव्वद किलोमीटरचं मला फारसं आठवत नाही, आणि आठवतं ते क्रमानं नाही. रुंदीकरणासाठी तोडलेल्या झाडांचे बुंधे आठवतात, प्रत्येकावर कुणीतरी बसलेलं. शहराच्या अंगाला प्लॉटिंगच्या पाट्या आठवतात. जिथं नजर जाईल तिथवर ढेकळं, आणि पाटीवर लिहिलेलं लेक व्ह्यू. आम्ही पुंडलिकनगरात घर बांधलं तेव्हा तिथंही ढेकळंच होती. अनसूया गच्चीवर उभी राहून म्हणाली होती, इथं वस्ती होईल का हो? मी अर्थातच बहुधा म्हणालो होतो. आता शेजारच्या तिमजली घरांमुळं आमच्या गच्चीवर पापड वाळवायला ऊन पुरत नाही. एक टँकर आठवतो. तो माझ्या पुढं गेला आणि त्याच्या मागच्या तोटीतून गळणाऱ्या पाण्याचे तुषार माझ्या तोंडावर आले. दुपारचं ऊन, तापलेलं डांबर, आणि ते गार पाणी. पण पुढच्या गाडीच्या आडोशानं सायकल चालवायची नाही असा नियम. तो नियम टँकरला लागू आहे का, याचा मी बराच वेळ विचार केला आणि तेवढा वेळ टँकरच्या मागंच राहिलो. मग लाज वाटून वेग कमी केला. टँकर एक ओली रेघ मागं सोडत गेला आणि मी त्या रेघेवरून सायकल चालवत राहिलो. रेघ वाळत गेली तशी मांडीत पहिली कळ आली. मला भीती वाटली नाही. कळ येणार होती, ती आली, एवढंच वाटलं. उलट असं वाटलं की ही कळ ओळखीची आहे आणि आपण दोघं मिळून पोचू.

पळायला लागलो तेव्हा पाय माझे नव्हते, कुणाचे तरी उसने आणल्यासारखे होते. रस्ता धरणाच्या कडेनं, त्याच त्याच फेऱ्या. ते मला मानवलं. गोल फिरण्यात मी कसलेला आहे, कुठल्या हातानं का असेना. टेबलांवर पाण्याचे पेले मांडलेले. पुढचे लोक अर्धा पेला पीत, अर्धा डोक्यावर ओतत आणि पेला फेकून देत. रस्त्याच्या कडेला अर्धेमुर्धे भरलेले पेले पडले होते, आणि मी दर वेळी नकळत उचलायला वाकत होतो. वाकलं की पोटरीत गोळा येई. पण पाणी सांडलेलं बघून सरळ जाणं मला जमेना. शेवटी टेबलावरच्या मुलीकडून पेला घेऊन मी तो तळापर्यंत पिऊन तिच्या हातात परत द्यायला लागलो. ती गोंधळून म्हणाली, "अंकल, फेकलात तरी चालतो." मी म्हणालो, "आमच्याकडे नाही चालत."

वळणावर एका झाडाखाली अनसूया आणि चारुता खुर्च्या टाकून बसल्या होत्या. पहिल्या फेरीत अनसूया ओरडली, "पाय उचला हो! फरशी पुसल्यासारखे काय पळताय!" चारुता हाताची घडी घालून बघत होती. दर फेरीला तिच्या चेहऱ्यावरचा विजय थोडा थोडा कमी होत गेला आणि त्याच्या जागी काळजी येत गेली. मला ते बघवेना. शेवटच्या फेरीला मी चालत होतो म्हटलं तरी चालेल. ती रस्त्यावर आली आणि माझ्या बाजूनं चालू लागली. "बाबा, तुमचे ओठ पांढरे पडलेत. थांबा इथं. मी हरले म्हणते. घर राहू दे. झालं?" तिचे डोळे भरले होते. मला थांबता आलं असतं. घर मिळालं असतं, खुर्ची मिळाली असती, सावली मिळाली असती. मी तिच्याकडे बघितलं. जिन्यातून पडलेल्या माणसाची पट्टी बघताना होता, तोच तिचा चेहरा होता. या चेहऱ्यानं दिलेलं घर म्हणजे त्या खिडकीतल्या माणसाचा फ्लॅटच, फक्त पुंडलिकनगरातला. "असं नको," मी म्हणालो. "नीट हर." तिनं आधी डोळे वटारले, मग नाक ओढलं आणि म्हणाली, "मग पाय उचला." मी उचलले. कमानीखालून गेलो तेव्हा ध्वनिवर्धकवाल्यानं माझं नाव चुकीचं घेतलं. मी ते दुरुस्त केलं नाही, पण मागं वळूनही बघितलं नाही. मागच्या माणसाचं नव्हतं ते, माझंच होतं.

गळ्यात पदक पडलं आणि त्याच क्षणी अनसूयाचा फोन वाजला. शेजारचे नानासाहेब. त्यांचा आवाज मला लांबून ऐकू आला. "वहिनी, कुठं आहात? नळ आला की!" अनसूयानं माझ्या पायांकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं आणि चारुताला म्हणाली, "गाडी काढ." मागच्या सीटवर मला आडवं घातलं, सायकल टपावर बांधली, आणि सबंध रस्ता अनसूया पुढं बसून नळ जायच्या आत पोचतो की नाही याचा अंदाज करत राहिली. शर्यतीत इतकी धडधड मला झाली नव्हती.

पोचलो तेव्हा नळ होता. धार बारीक, पण होती. मला पायरीवर बसवून हातात नळी दिली. चारुतानं पुण्याचे कपडे वर खोचले आणि ती पिंपं पुढं सरकवू लागली. हौद, पिंपं, हंडे, कळशी, मागच्या उन्हाळ्यातली ती चेपलेली बादलीसुद्धा. एक भरलं की ती दुसरं आणायची, मी नळी उचलून त्यात सोडायचो. तेवढंच मला शक्य होतं. संध्याकाळचं ऊन गल्लीच्या तोंडाशी उरलं होतं, आणि नानासाहेब त्यांच्या फाटकातून माझं पदक बघून विचारत होते की कुठं सत्कार होता काय. शेवटी धार तुटायला लागली. चारुता कमरेवर हात ठेवून भरलेल्या भांड्यांच्या मधोमध उभी राहिली आणि एकेकाकडे बघत म्हणाली, "एवढं आठ दिवस पुरतं तुम्हा दोघांना?"

"पुरतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत थांबली. पुढच्या शब्दाची वाट बघत होती. आतून अनसूयाचाही भांड्यांचा आवाज थांबला होता. मी नळीतलं उरलेलं पाणी कळशीत निथळू दिलं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.